विचारले होते, सांगितले नाही

महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे धर्मांतर आणि त्यावरील कायदा या विषयावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले जात आहे. एका बाजूची पत्रे वाचली की प्रत्येक ख्रिस्ती शेजारी पिशवीत पत्रके घेऊन फिरत असावा असे वाटते, आणि दुसऱ्या बाजूची वाचली की या आरोपांत तसूभरही तथ्य नाही असे वाटू लागते. मी पाचव्या पिढीची मराठी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण आमच्या तोंडी नगरच बसले आहे) जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 31 वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. दोन्ही बाजूंच्या पत्रांत मला जो माणूस कुठेच सापडला नाही, त्याच्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र. हा माणूस दर रविवारी उपासनेला जातो, घरी जेवणाआधी प्रार्थना करतो, आणि आपल्या श्रद्धेविषयी घराबाहेर उभ्या आयुष्यात कोणाला एक शब्द सांगत नाही, कारण त्याला भीती वाटते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण 10 लाख 80 हजार आहेत, म्हणजे शंभरात एकही नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, ज्या शेकडो माणसांना मी जवळून ओळखते, त्यांतली बहुतेक अशीच मुकी आहेत, आणि मीही अनेक वर्षे तशीच होते.

2009 साली माझे यजमान दीड महिन्याच्या दुखण्यात गेले. तीन आठवड्यांनी मी शाळेत रुजू झाले. मधल्या सुट्टीत मुले खिचडी खात होती आणि मी पोषण आहाराचे रजिस्टर भरत बसले होते. शेजारच्या वर्गाच्या बाई डबा घेऊन जवळ येऊन बसल्या. आमची सोबत बारा वर्षांची. त्या माळकरी, दर आषाढीला किमान दोन मुक्काम तरी दिंडीबरोबर चालणाऱ्या. त्यांनी डबा उघडला नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, एक विचारू का? रात्री तुम्ही काय करता? मी तुमच्या जागी असते तर वेडी झाले असते."

या प्रश्नाला माझ्याकडे खरे उत्तर होते. रात्री तीनच्या सुमारास मला जाग येई. मुलांची झोप मोडू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन दिवा न लावता ओट्याला टेकून उभी राही. प्रार्थना करायला शब्द सुचत नसत. लहानपणी पाठ केलेले बेचाळिसावे स्तोत्र तेवढे तोंडात येई. त्यात स्तोत्र रचणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो की बाबा रे, तू एवढा खिन्न का. तो प्रश्न मी माझ्या जिवाला दहा-वीस वेळा विचारत असे. त्याने दुःख कमी होत नसे, परंतु त्या अंधारात आपल्याबरोबर कोणीतरी आहे एवढे कळे, आणि मग पाणी पिऊन मी अंथरुणावर पडत असे. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. मी म्हणाले, "काळ हेच औषध, बाई," आणि हजर विद्यार्थ्यांची संख्या तांदळाच्या रकान्यात लिहिली. ती पुन्हा खोडावी लागली. बाई थोडा वेळ बसल्या, मग डबा न उघडताच उठून गेल्या.

मी गप्प का बसले याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. मला पोलिसांची भीती नव्हती, मुख्याध्यापकांची नव्हती, गावाचीही नव्हती. "झाले यांचे सुरू" असे त्या मनात म्हणतील, याची भीती होती. नवरा जाऊन महिना झाला नाही तोच ही बाई आपला धर्म पुढे करू लागली, असे त्यांना वाटले असते तर बारा वर्षांच्या मैत्रीवर कायमचा डाग पडला असता, अशी माझी समजूत होती. आमच्या लोकांची भीती बहुतांशी अशीच असते. मार खाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. ज्यांच्यावर येते त्यांचे हाल खरे आहेत आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण नात्याला किंमत लावली असे समोरच्याला वाटेल, आपल्या प्रेमात गळ आहे असा त्याला संशय येईल, ही भीती आमच्या घराघरांत आहे.

याच शाळेतल्या दुसऱ्या एक सहशिक्षिका इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यनेचे शिबिर करून आल्या आणि महिनाभर सगळ्या स्टाफला मौनाचे अनुभव सांगत होत्या. आम्ही आवडीने ऐकले. कोणी नवसाची गोष्ट सांगतो, कोणी गुरुवारचा उपास का धरला ते सांगतो, कोणी पारायणाला बसल्यावर काय वाटले ते सांगतो. आपल्याकडे श्रद्धा ही काही लाजून लपवण्याची गोष्ट नाही. एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा नारायणगावापासून मंचरपर्यंत आपल्या कुलदैवताची सगळी हकीकत सांगते. ख्रिस्ती माणसाने तोंड उघडले की मात्र ऐकणाऱ्याचे कान टवकारतात, आणि हे सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यामुळे तो तोंडच उघडत नाही.

हा संशय काही आकाशातून पडलेला नाही, हे मी माझ्या बांधवांनाही सांगत असते. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय होते. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून तळकोकणापर्यंत आजही सांगितल्या जातात. त्यांतली प्रत्येक गोष्ट खरी नसेल, पण त्या पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या त्याअर्थी त्यामागची जखम खरी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काही मिशनऱ्यांनी मराठी छापखान्यातून हिंदू देवदेवतांविषयी जे लिहिले, ते आज वाचताना मलाच संकोच वाटतो. आमच्या जिल्ह्यात 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर हजारो माणसे मिशनकडे आली. त्यांना भाकरी हवी होती, हे खरे आहे. गावाच्या विहिरीवर ज्यांना कोणी पाणी भरू देत नव्हते, त्यांना कोणीतरी माणूस म्हणून दारात उभे केले, हेही तेवढेच खरे आहे. माझे खापरपणजोबा त्या लोंढ्यात होते. ते भाकरीसाठी आले की मानासाठी आले, हे मला त्यांना विचारता येत नाही, आणि दोन्हींसाठी आले असले तरी मला त्याची लाज वाटत नाही.

भीतीचा हा वारसा फक्त आमचाही नाही. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस मंडळी काढली. जातिभेद मोडायचा, एका ईश्वराची प्रार्थना करायची, सभासद होताना ख्रिस्त्याच्या हातचा पाव आणि मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यायचे, असा तिचा नियम होता. आणि हे सगळे गुप्तपणे चाले. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर पडणार असे दिसले आणि मंडळी विस्कटली. त्या काळातली महाराष्ट्रातली शहाणी, शिकलेली, धीट माणसे एका यादीला भ्याली. त्याच मंडळीत बाबा पदमनजी काही काळ होते. ख्रिस्ती होण्याचा निश्चय मनात झाल्यावरही घरच्यांना तो सांगण्याआधी ते किती घुटमळले, हे त्यांनी 'अरुणोदय' या 1888 च्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. 1854 मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेईपर्यंत त्यांची वर्षे या उलघालीत गेली. ते पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बरे वाटले. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान ज्यांच्या पुस्तकाला देतात, तो माणूसही आपल्या आईबापांना हे कसे सांगावे म्हणून रात्र रात्र जागत होता.

आमच्यातल्या एका मोठ्या वर्गाला आणखी एक भीती असते आणि तिच्याविषयी उघडपणे बोलणे अवघड आहे, तरी बोलते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलली नाही, वस्तीकडे पाहणारी नजर बदलली नाही, पण दाखला मात्र गेला. त्यामुळे अनेक कुटुंबे कागदावर एक आणि घरात एक अशी जगतात. रविवारी प्रभुभोजन घेणारा मुलगा सोमवारी अर्जावर दुसरा धर्म लिहितो. बाहेरचा माणूस याला लबाडी म्हणेल, आणि काटेकोर अर्थाने ती आहेही. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचत आहे, त्या घराला जाऊन "निर्भयपणे साक्ष द्या", म्हणजे आपली श्रद्धा उघड सांगा, असे सांगणाऱ्या पाळकांचे मला आश्चर्य वाटते. त्या मुलाच्या भीतीवर उपाय व्यासपीठावरच्या उपदेशात नाही. तो संसदेत आणि न्यायालयात आहे, आणि तिथे तो प्रश्न पडून आहे.

कायद्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण वाचकपत्रांत त्याचाच ऊहापोह अधिक झाला आहे. घटनेच्या 25 व्या अनुच्छेदात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला दिला आहे. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही यावर 6 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत चांगलीच चर्चा झाली. तो ठेवावा असे म्हणणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते आणि टी. टी. कृष्णमाचारीही होते, आपण 14 वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि आपल्याला बाटवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असे कृष्णमाचारींनी त्या दिवशी सांगितले. पुढे 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क नाही. आमच्या काही मंडळींना हा निकाल सलतो. मला तो, निदान या एका बाबतीत, सोयीचा वाटतो. सांगणे माझे काम आहे, माणूस बदलणे माझे काम नाही, असे मीही मानते. आमचे शास्त्रही पालट घडवण्याचे काम देवाकडेच ठेवते. अडचण एवढीच, की काही राज्यांतल्या पुढच्या कायद्यांत आमिष, प्रलोभन हे शब्द इतके ऐसपैस झाले आहेत की आजारी शेजाऱ्याला सूप नेऊन देताना हात आखडावा.

आता आमच्या बाजूची चूक. मी तेरा वर्षांची असताना आमच्या मंडळीने नाताळच्या आधी बाजारच्या दिवशी मुलांना पत्रिका वाटायला पाठवले. प्रत्येकाला पन्नास पत्रिका मोजून दिल्या होत्या आणि संध्याकाळी "किती आत्म्यांपर्यंत पोहोचलात?" असे विचारणार होते. मी दोन पत्रिका दोन म्हाताऱ्यांना दिल्या. तिसरा माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप निघाला. माझे पाय लटपटू लागले, आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस मी भडभुंज्याच्या गाडीखालच्या रद्दीत सरकवून दिल्या. संध्याकाळी वडिलांनी बाजारातून फुटाणे आणले. पुडी सोडली तर आतून "तुझ्यासाठी शुभवर्तमान" असे ठळक अक्षर. वडिलांनी पुडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एक फुटाणा तोंडात टाकून म्हणाले, "पोहोचले म्हणायचे."

त्या दिवशीची माझी भीती भित्रेपणाची होती असे मला अनेक वर्षे वाटत असे. आता वाटते की तिच्यात थोडी अक्कलही होती. ओळख ना देख, हातात कागद कोंबायचा आणि तो मोजायचा, यात काहीतरी चुकते आहे हे तेरा वर्षांच्या मुलीलाही कळत होते. आजही अधूनमधून आमच्याकडे भीती घालवण्याचे वर्ग भरतात. पाच मिनिटांत साक्ष कशी द्यावी, संभाषण अमुक प्रश्नाने सुरू करून तमुक वचनाकडे कसे न्यावे, नकार आला तर पुढचे वाक्य कोणते, हे सगळे परदेशातून भाषांतर होऊन येते आणि आमची तरुण मुले ते पाठ करतात. त्याने त्यांची भीती जाते हे मी पाहिले आहे, पण समोर माणूस बसला आहे याचे भानही तिच्याबरोबर जाते. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात खाटेखाटेवर पत्रके ठेवणारे, बरे होण्याची हमी देणारे, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून बोलणारे, असे लोक आमच्यात आहेत. थोडे असतील, पण त्यांचा आवाज मोठा असतो आणि किंमत बाकीचे मोजतात. त्यांना मी घरातल्या माणसाच्या हक्काने सांगते की याला धैर्य म्हणत नाहीत.

नारायण वामन टिळकांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्यातल्या एका माणसाकडे आपले लक्ष जात नाही. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी गप्पा सुरू केल्या त्या संस्कृत काव्यावर. निघताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि वाचा म्हणून सांगितले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ती वाचली, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना कधीच कळले नाही. भाकितापेक्षा त्यांची एक गोष्ट मला मोठी वाटते: समोरच्या ब्राह्मण कवीला ज्यात रस होता त्याच विषयावर ते आधी बोलले, आणि पुस्तक देऊन त्यांनी निरोप घेतला. पुढे काय झाले ते पाहायला ते थांबले नाहीत.

आणि लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने ज्या बाईचा संसार मोडला, जी माहेरच्या माणसांत रडत-कुढत राहिली, सोवळे सांभाळत नवऱ्याकडे परत आली आणि सावकाश, आपल्या पायांनी, त्याच वाटेवर गेली, तिने हे सगळे 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिले. 1934 पासून हे पुस्तक मराठी घरांत आहे. त्यात नवऱ्याचा संताप आहे, तिचा स्वतःचा हट्ट आहे, मिशनच्या साहेबांची फजिती आहे आणि पोट धरून हसावे असे प्रसंग आहेत. ख्रिस्ती भाषेत बोलायचे तर ते एक लांबलचक साक्षच आहे. लाखो हिंदू वाचकांनी ती वाचली, तिच्यावर प्रेम केले, शाळेच्या पुस्तकांतून तिचे उतारे मुलांना शिकवले (मीही शिकवले), आणि आपल्याला कोणी बाटवायला निघाले आहे असे त्यांतल्या कोणालाही वाटले नाही. मराठी माणसाला ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट ऐकायची नसते, हा आमचा समज या एका पुस्तकापुढे टिकत नाही. त्याला सोंग ऐकायचे नसते, इतकेच.

योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची हकीकत आहे, ती मी अलीकडे वारंवार वाचते. त्याला दृष्टी येते आणि अधिकारी चौकशी लावतात. त्याच्या आईबापांना विचारतात, तेव्हा ते सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने म्हणतात की तो मोठा आहे, त्यालाच विचारा. स्वतःच्या पोराला दिसू लागले त्या दिवशी आईबाप हात झटकतात! मुलाला मात्र शास्त्रातले काही येत नसते. तुला बरे करणारा पापी आहे की नाही, या प्रश्नावर तो सरळ म्हणतो की ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे एक मला ठाऊक आहे. आमच्यातले कित्येक जण "त्रैक्य म्हणजे काय असे विचारले तर काय सांगू?" (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही आमची शिकवण) या धास्तीने गप्प असतात. मला ठाऊक नाही असे म्हणायला कोणाचीच मनाई नाही. आणि जे ठाऊक आहे ते सांगायला पदवी लागत नाही.

मला हे समजायला उशीर लागला. 2014 च्या पावसाळ्यात त्याच बाईंचा थोरला मुलगा नगर-मनमाड रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता, पहिलीत माझ्या वर्गात होता. दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. पाहुणे पांगले होते. त्या मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या आणि पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी तशीच सुकून गेली होती. मी शेजारी बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "त्या वेळी तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत ना, बाई?"

पाच वर्षे त्यांनी ते लक्षात ठेवले होते. मी ज्याला मैत्री जपणे समजत होते, ते त्यांना दार लावून घेण्यासारखे वाटले होते.

मग मी सांगितले. ओटा, अंधार, स्तोत्र, पाणी, सगळे. हात कापत होते, म्हणून मी मेथीच्या काड्या मोडत बसले. येशूचे नाव घेताना घसा कोरडा पडला, पण घेतले. त्यांनी ते स्तोत्र म्हणायला सांगितले, मी म्हटले. त्यांनी विचारले की देवाने मग यजमानांना का नेले. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. मी अजून विचारते आहे." त्यानंतर त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मग त्यांनी डोळे पुसून तुकोबांचा एक अभंग म्हटला, आणि तो मी ऐकला.

बाई आजही माळकरी आहेत. पंढरपूरची वाट त्यांनी सोडली नाही, सोडावी असे मी कधी सुचवले नाही, आणि त्या ख्रिस्ती व्हाव्यात असे मला मनातून वाटते का, असे कोणी विचारले तर खोटे न बोलता सांगेन की जे माझ्या जिवाला आधार देते ते त्यांनाही मिळावे असे मला वाटते. त्या माझ्यासाठी विठ्ठलाला साकडे घालतात, त्यामागेही दुसरे काही नसते. हे एकमेकींना माहीत आहे म्हणून आमच्यात आता लपवण्यासारखे उरलेले नाही. पूर्वी त्या प्रसादाचा पेढा देत तेव्हा मी "नंतर खाते" म्हणून तो रुमालात बांधून ठेवत असे आणि घरी जाऊन काय करावे न सुचून दिवसभर तो पर्समध्ये बाळगत असे. एकदा त्यात मुंग्या झाल्या. आता मी सरळ सांगितले आहे की प्रसाद म्हणून मला घेता येत नाही, पण तुमच्या हातचा पेढा म्हणून केव्हाही द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं पेढे वाया घालवलेत की!" आता त्या दोन डबे करतात, आरतीच्या आधीचा आणि आरतीच्या नंतरचा. आमच्या मंडळीतल्या काहींना माझे हे चालत नाही आणि त्यांच्या वाड्यातल्या काहींना त्यांचे चालत नाही.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या शेजारी एखादे ख्रिस्ती कुटुंब राहते, त्यांना माझी विनंती आहे की त्यांना कधीतरी प्रश्न विचारावा. नाताळचा केक कुठून आणला हा प्रश्न नव्हे. दुखण्याखुपण्यात, मरणात, मुलांच्या लग्नात तुम्ही कशाच्या बळावर उभे राहता, हा. उत्तर बहुधा अडखळत येईल. आणि ज्यांना असा प्रश्न विचारला जाईल त्या माझ्या बांधवांनी तांदळाच्या रकान्यात तोंड घालू नये.

याआधी आपल्या स्तंभात माझी दोन पत्रे आली आहेत, एक नळाच्या पाण्याविषयी आणि एक बंद पडलेल्या एसटीच्या फेरीविषयी. दोन्हींखाली माझे पूर्ण नाव होते. हे पत्र लिहून झाल्यावर मी पुण्याला मुलाला फोनवर वाचून दाखवले. त्याला पत्र आवडले, मग तो थोडा थांबून म्हणाला, "आई, नाव मात्र नको. नुसती आद्याक्षरे टाक." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याला नोकरी आहे आणि भाड्याचे घर आहे. मी पत्राखाली आद्याक्षरे घातली आणि पाकीट चिकटवले. ते दोन दिवस फ्रीजवर पडून होते. आज सकाळी मी ते फोडले. नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सोबतच्या स्वतंत्र कागदावर लिहिला आहे. मुलाचा उल्लेख वगळायचा असल्यास वगळावा, माझे नाव मात्र पूर्ण छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, अहिल्यानगर
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे)